सवाई जयसिंह आणि झाडशाही रुपया

जुन्या जयपूर संस्थानचा चांदीचा रुपया तळहातावर घेतला, तर प्रथम त्याच्या जाडीचे नवल वाटते. वजन सुमारे ११ ग्रॅम. कडा थोड्या ओबडधोबड, अक्षरे फारसी, आणि तीही अर्धीमुर्धी. कारण ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे लेखाचा काही भाग नेहमीच नाण्याबाहेर राहून जाई. एका बाजूस दिल्लीच्या बादशहाचे नाव. दुसऱ्या बाजूस टांकसाळीचे नाव आणि बादशहाच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष. त्या अक्षरांच्या गर्दीतून उगवल्यासारखी एक सहा डहाळ्यांची फांदी. फारसी न येणाऱ्या शेतकऱ्याला, गाडीवानाला, बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला ती फांदी मात्र वाचता येई. तिच्यावरूनच लोकांनी या नाण्याला झाडशाही हे नाव दिले.

त्या काळी राजाचे राजेपण दोन गोष्टींवरून ओळखले जाई. शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी कोणाच्या नावाने खुतबा पढला जातो, ही एक. आणि नाण्यावर कोणाचे नाव आहे, ही दुसरी. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक करवून घेतला, तेव्हा सोन्याचा होन व तांब्याची शिवराई या नाण्यांवर त्यांचे नाव देवनागरीत उमटले, त्याचे महत्त्व हेच होते. झाडशाही रुपया ज्या शहरात पडू लागला, ते जयपूर वसवणारा राजा सवाई जयसिंह. मात्र या नाण्यावर त्यांचे नाव नव्हते. निदान पहिल्या दृष्टीला तरी नव्हते.

जयसिंहांचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ रोजी आंबेरच्या कछवाह राजघराण्यात झाला. आंबेर म्हणजे आजच्या जयपूरपासून थोड्याच अंतरावरील डोंगरी राजधानी. महाराष्ट्राला हे घराणे परके नाही. १६६५ मध्ये पुरंदरचा तह घडवून आणणारे मिर्झाराजे जयसिंह हे या जयसिंहांचे खापरपणजोबा, आणि आग्र्यात शिवाजी महाराजांसाठी जामीन राहिलेले रामसिंह हे पणजोबा. या घराण्याच्या पिढ्यानपिढ्या मोगलांच्या चाकरीत गेल्या होत्या. जयसिंहांचे वडील बिशनसिंह अफगाणिस्तानात मोहिमेवर असतानाच १६९९ च्या अखेरीस वारले. गादीवर आलेला मुलगा तेव्हा अवघा अकरा वर्षांचा होता.

औरंगजेब त्या वेळी दक्षिणेत मराठ्यांचे किल्ले घेण्यात गुंतला होता. त्याने या मुलालाही दक्षिणेत बोलावून घेतले. १७०२ च्या उन्हाळ्यात खेळणा ऊर्फ विशाळगडाच्या वेढ्यात जयसिंहांच्या राजपुतांनी बाहेरचा तट चढून जाऊन निशाण लावले. त्या वेळी त्यांचे वय १३ होते. बादशहाने त्यांची मनसब वाढवली. किल्ला हातात आला तो मात्र पराक्रमाने नव्हे. किल्ल्यावर परशुराम त्र्यंबक प्रतिनिधी होते. त्यांनी दोन लाख रुपये घेऊन किल्ला सोडला. बादशहाची रोकड घेऊन किल्ला द्यायचा आणि सवड मिळताच तो परत जिंकायचा, ही त्या काळातील मराठ्यांची रीतच होती. राज्ये केवळ तलवारीवर चालत नाहीत, त्यांना रोकड लागते, हा धडा पुढे राजनीतीत मुरलेल्या या राजाला सह्याद्रीच्या पावसात, इतक्या लहानपणी पाहावयास मिळाला.

सवाई ही पदवी त्यांना औरंगजेबाने दिली, असे परंपरा सांगते. खापरपणजोबा मिर्झाराजे यांच्याहून हा मुलगा सव्वापट निघेल, असा तिचा अभिप्राय. पदवी पुढे घराण्यालाच चिकटली. जयपूरच्या राजवाड्यावर एक पूर्ण ध्वज आणि त्याच्यावर पाव आकाराचा दुसरा ध्वज लावण्याची प्रथा याच सव्वापटीची खूण आहे.

१७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाला व त्याच्या मुलांत वारसायुद्ध पेटले. जाजऊच्या लढाईत जयसिंह प्रथम आझमशहाच्या बाजूस होते. विजय मिळाला बहादूरशहाला. नव्या बादशहाने हा अपराध विसरला नाही. १७०८ च्या आरंभी तो स्वतः आंबेरवर चालून आला, राज्य खालसा केले आणि जयसिंहांचे धाकटे बंधू विजयसिंह यांना पुढे केले. एवढ्यावर न थांबता त्याने आंबेरचे नावच बदलून मोमिनाबाद असे ठेवले. डोंगर तोच, वाडे तेच, माणसे तीच. फक्त कागदावरचे नाव वेगळे. एकोणीस वर्षांच्या राजाला हा घाव किती खोल लागला असेल, याची कल्पना करता येते. जोधपूरचे अजितसिंह व उदयपूरचे महाराणा अमरसिंह यांच्याशी हातमिळवणी करून जयसिंहांनी त्याच वर्षी आंबेर परत घेतले. मोमिनाबाद हे नाव कोणाच्या तोंडी रुळण्यापूर्वीच पुसले गेले. या युतीच्या वेळी मेवाडच्या राजकन्येशी त्यांचा विवाह झाला आणि तिला मुलगा झाल्यास, तो धाकटा असला तरी, आंबेरची गादी त्यालाच मिळेल अशी अट मान्य करण्यात आली. संकटात सापडलेल्या माणसाने दिलेले हे वचन होते. त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

यानंतरच्या तीस वर्षांत दिल्लीचे तख्त खिळखिळे होत गेले आणि आंबेरचे राज्य वाढत गेले. ही वाढ पुष्कळशी लढाईवाचून झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आंबेरच्या आसपासचे परगणे निरनिराळ्या मोगल सरदारांना जहागिरी म्हणून नेमून दिलेले होते. या सरदारांना आता दूरच्या गावांतून वसुली करणे जमेनासे झाले होते. जयसिंह त्यांचे परगणे इजाऱ्याने घेत. म्हणजे ठरलेली रक्कम सरदारास द्यावयाची आणि वसुलीचा अधिकार आपल्याकडे ठेवावयाचा. हळूहळू रक्कम देणे सैल होई, परगणा मात्र कायमचा आपला होऊन जाई. जमिनीचा बराच सारा धान्याच्या रूपाने येई. ते धान्य राज्याचे कारभारी गावोगावच्या बाजारात विकून त्याचे रुपये करीत. कापूस, नीळ यांसारख्या नगदी पिकांवरील आकारणी तर पैशातच होई. परगण्यांचे हे वार्षिक जमाखर्च अडसट्टा नावाच्या कागदांत नोंदले जात. बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात असे हजारो कागद जपून ठेवलेले आहेत. ते रुक्ष आकड्यांचे आहेत, तरी जयसिंहांचे खरे चरित्र वाचायचे तर दरबारी कवींच्या स्तुतीपेक्षा त्यांतच अधिक सापडेल.

धान्याचे रुपये करावयाचे, तर व्यापारी हवेत, सराफ हवेत, मोठी बाजारपेठ हवी. आंबेर दोन डोंगरांच्या चिमटीत होते. तेथे जागा नव्हती. म्हणून १८ नोव्हेंबर १७२७ रोजी डोंगराखालच्या सपाटीवर नव्या शहराचा पाया घातला गेला. शहराच्या आखणीत विद्याधर या बंगाली अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, चौरस वस्त्या, सहा मीटर उंचीचा तट. मुख्य रस्त्यांची रुंदी १११ फूट. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंस एकसारखी दुकाने राज्यानेच बांधून घेतली. दूरदूरच्या व्यापाऱ्यांना व पेढीवाल्यांना आमंत्रणे गेली, जागा दिल्या गेल्या, करांत सवलती मिळाल्या. जोहरी बाजारात जवाहिऱ्यांच्या पेढ्या बसल्या. राजवाडा मध्यभागी असला तरी शहराचा मोहरा बाजाराकडे होता. बहुतेक राजांनी आधी किल्ला बांधला आणि मग त्याच्या आश्रयाने बाजार वाढला. येथे बाजार आधीपासूनच आराखड्यात होता.

या नव्या शहरात टांकसाळही होती. तेव्हाची टांकसाळ केवळ सरकारी कारखाना नसे. कोणाही व्यापाऱ्याने चांदी आणावी, ठरलेली मजुरी व राज्याचा हिस्सा द्यावा आणि रुपये पाडून न्यावेत, अशी ती खुली व्यवस्था होती. चांदी आटवून तिचा कस पाहिला जाई. मग तिच्या कांबी ओतून तुकडे तोडीत. प्रत्येक तुकडा तोलून, कमी-जास्त असेल ते घासून, ठोकून त्याची चकती बनवीत. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे. त्यावर चकती ठेवून वरचा ठसा धरीत आणि हातोड्याचा एकच घाव घालीत. म्हणून एकसारखी दिसणारी दोन नाणी सापडणे कठीण. एखाद्यात फांदी पूर्ण आहे, एखाद्यात तिची दोनच पाने आली आहेत, असे नेहमी दिसते.

ही चांदी येई कोठून? हिंदुस्थानात चांदीच्या खाणी फारशा नव्हत्या. युरोपातील व्यापारी आपले सुती कापड, नीळ, मसाले विकत घेत आणि त्याच्या बदल्यात बहुतांशी चांदीच आणीत. ही चांदी मूळची अमेरिका खंडातील. मेक्सिको आणि पोतोसी येथील खाणींतून निघालेल्या चांदीची स्पेनच्या राजाच्या नावाने मोठी नाणी पडत. सुमारे २७ ग्रॅम वजनाचे हे नाणे जगभर स्पॅनिश डॉलर म्हणून ओळखले जाई आणि पुढे अमेरिकेने आपला डॉलर त्याच्याच नमुन्यावर बेतला. जहाजांतून हे डॉलर सुरतेस उतरत. परंतु येथील बाजारात परदेशी नाणे नाणे म्हणून चालत नसे. सराफाच्या लेखी ती केवळ चांदी. सुरतेच्या टांकसाळीत ते आटवले जाई, त्याचे रुपये होत आणि रुपयांच्या व हुंड्यांच्या रूपाने ते मूल्य अहमदाबाद, आग्रा, राजपुतान्याकडे सरकत जाई. चांदीच्या या प्रवासाचा विचार केला, तर झाडशाही रुपयातील एखादा कण पोतोसीच्या डोंगरातला असणे अगदी शक्य आहे. आटवणीत स्पेनच्या राजाचे नाव वितळून जाई आणि त्या जागी दिल्लीच्या बादशहाचे नाव बसे.

रुपया टांकसाळीतून बाहेर पडला की सराफांचे राज्य सुरू होई. नव्या सालाचा रुपया पूर्ण किमतीस चाले. नाण्यावरील साल जुने झाले की त्यावर बट्टा लागे, चांदी तेवढीच असली तरी. दुसऱ्या टांकसाळीचा रुपया असेल तर आणखी बट्टा. सराफ नाणे वाजवून पाहत, संशय आला तर त्यावर बारीक छेद घेत. महाराष्ट्रातही पेशवाईत अंकुशी रुपया, चांदवडी रुपया असे अनेक चलनी प्रकार एकाच बाजारात फिरत, आणि त्यांचे परस्परांतील भाव सराफच ठरवीत. अंकुशी रुपयावरही नाव दिल्लीच्या बादशहाचे आणि खूण अंकुशाची असे. पुढे अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या टांकसाळीने शिवलिंग आणि बेलपान ही चिन्हे घेतली. अठराव्या शतकातील हिंदुस्थानात ही जणू ठरून गेलेली तडजोड होती. सत्ता कोणाचीही असो, नाव बादशहाचे. कारण त्या नावाचे नाणे काबूलपासून बंगालपर्यंत ओळखले जाई. स्वतःच्या नावाचे नाणे पाडणे शूरपणाचे झाले असते, परंतु सराफाने ते बट्टा लावूनच घेतले असते.

जयसिंहांनी ही तडजोड पत्करली. एका बाजूस मुहम्मदशहाचे नाव राहिले. दुसऱ्या बाजूच्या लेखाचा अर्थ असा होता की, हे नाणे बादशहाच्या शुभ राज्यारोहणाच्या अमुक वर्षी सवाई जयपूर येथे पाडले. टांकसाळीचे गाव लिहिणे हा तर मोगल नियमच. त्याला कोण हरकत घेणार? परंतु या गावाच्या नावातील सवाई ही राजाची पदवी होती आणि जय हे त्याचे नाव. ज्या राजाच्या राजधानीचे नाव एकदा बादशहाने पुसले होते, त्याने नवी राजधानी स्वतःच्या नावाने वसवली आणि त्याबरोबर ते नाव बादशहाच्याच नाण्यावर, नियमाला धरून, जाऊन बसले. जयसिंहांनी हे हेतुपुरस्सर योजले की सहज घडले, ते सांगता येत नाही. त्यांच्या स्वभावाशी मात्र ते अगदी जुळणारे आहे.

त्यांच्या आवडत्या विद्येतही हीच रीत दिसते. जयसिंहांना ज्योतिर्गणिताचा ध्यास होता. ग्रहांच्या प्रत्यक्ष स्थिती पंचांगांशी आणि प्रचलित कोष्टकांशी जुळत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. पितळेची लहान यंत्रे झिजतात, हलतात, त्यांवरील विभाग बारीक असतात. म्हणून त्यांनी चुन्या-दगडांची प्रचंड यंत्रे बांधली. पहिली वेधशाळा दिल्लीस १७२४ मध्ये, नंतर जयपूर, उज्जैन, वाराणसी व मथुरा येथे. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतचा काळ मोजता येतो. या कामात त्यांचे मोठे साहाय्यक जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. जगन्नाथांनी अरबी शिकून युक्लिडच्या भूमितीचे रेखागणित या नावाने आणि टॉलेमीच्या ग्रंथाचे सम्राटसिद्धान्त या नावाने संस्कृतात रूपांतर केले. युरोपातील ज्ञानही पाहावे म्हणून जयसिंहांनी मान्युएल द फिगरेदो या पाद्र्याबरोबर आपली माणसे पोर्तुगालला धाडली. त्यांनी आणलेल्या ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या कोष्टकांत चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची चूक आहे, हे जयपूरच्या वेधांनी दाखवून दिले. इतक्या वर्षांच्या श्रमांतून जी नवी कोष्टके तयार झाली, त्यांचे नाव ठेवले गेले झीज-ए-मुहम्मदशाही. पैसा जयसिंहांचा, यंत्रे जयसिंहांची, नाव पुन्हा बादशहाचे.

हे सारे एकीकडे चालू असता मराठ्यांचे घोडे नर्मदा ओलांडून माळव्यात येऊ लागले होते. माळव्याचा सुभेदार या नात्याने जयसिंहांनी मे १७१५ मध्ये पिलसूदच्या लढाईत मराठ्यांचा पराभव केला होता. पण पुढे बाजीराव पेशव्यांच्या काळात पारडे फिरले. १७३३ मध्ये मंदसोरजवळ मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांनी जयसिंहांना कोंडीत पकडले. सहा लाख रुपये रोख आणि चौथाईच्या बदल्यात २८ परगणे देऊन त्यांना सुटका करून घ्यावी लागली. लढून मराठ्यांना परतवता येणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि तेव्हापासून दिल्ली दरबारात ते तडजोडीच्या पक्षाचे झाले. दरबारातील विरोधकांनी त्यांच्यावर मराठ्यांना सामील असल्याचा ठपका ठेवला. तो अगदीच खोटा होता असे नाही.

या तडजोडीला एक हृद्य बाजूही आहे. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेस निघाल्या. मराठ्यांच्या फौजा ज्या प्रदेशात लढत होत्या, त्याच प्रदेशातून पेशव्यांची आई निर्धास्तपणे चालली होती. उदयपूर, नाथद्वारा करीत त्या जयपुरास पोहोचल्या. तेथे जयसिंहांनी त्यांचा मोठा सत्कार केला, काही काळ ठेवून घेतले आणि पुढील प्रवासाची व्यवस्था लावून दिली. मथुरा, प्रयाग, काशी, गया करून राधाबाई जून १७३६ मध्ये सुखरूप पुण्यास परतल्या. दरम्यान त्याच वर्षाच्या आरंभी किशनगडजवळ बाजीराव व जयसिंह यांची समक्ष भेट झाली होती. तह त्या वेळी पुरा झाला नाही. तो झाला १७४१ मध्ये, बाजीरावांच्या मृत्यूनंतर, धोलपूर येथे जयसिंह व नानासाहेब पेशवे यांच्यात. त्यानुसार निघालेल्या फर्मानात माळव्याचा सुभेदार म्हणून शहजादा अहमद याचे नाव लिहिले गेले आणि पेशवे त्याचे नायब ठरले. सुभा पेशव्यांचा, नाव शहजाद्याचे! ही मसुद्याची हातोटी कोणाची, हे झाडशाही रुपया पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावयास नको.

त्यापूर्वीच १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली होती. कर्नालच्या रणांगणावर जयसिंह गेले नाहीत. आपल्या राज्यातच राहिले. काही आठवडे दिल्लीत नादिरशहाच्या नावाचा खुतबा पढला गेला आणि त्याच्या नावाची नाणी पडली. पिढ्यान्पिढ्या साठवलेले सोने-चांदी इराणकडे निघून गेले. बादशहाच्या नावाला आता फक्त सवयीचा आधार उरला. तरीही ते नाव नाण्यावरून काढण्याचे कोणाच्या मनात आले नाही. जयसिंहांनी आयुष्याच्या उत्तरार्धात अश्वमेध यज्ञ केला. हा यज्ञ सार्वभौम राजाचा. वेदीपुढे सार्वभौम आणि टांकसाळीत मांडलिक, अशी ही विलक्षण स्थिती होती. ती त्यांना बोचत होती की नाही, याचा पुरावा त्यांनी मागे ठेवलेला नाही. प्रजेच्या पैशाचे मोल टिकवण्यासाठी त्यांनी मानाची एक खूण सोडून दिली, असे म्हणता येईल. आणि बादशहाच्या आडोशाने स्वतःचे राज्य वाढवले, असेही म्हणता येईल. दोन्ही खरे आहे.

२१ सप्टेंबर १७४३ रोजी जयसिंहांचे निधन झाले. मग तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे ते वचन जागे झाले. थोरले पुत्र ईश्वरीसिंह गादीवर बसले. मेवाडच्या राजकन्येचे पुत्र माधोसिंह यांनी त्यांना आव्हान दिले. दोघांनीही मराठ्यांना मदतीस बोलावले आणि दोघांनीही त्यांना मोठमोठ्या रकमा कबूल केल्या. १७४८ च्या बगरूच्या लढाईनंतर ईश्वरीसिंहांवर कबूल केलेल्या रकमेचा बोजा राहिला. जयसिंहांनी भरलेला खजिना तोवर युद्धात आटला होता. डिसेंबर १७५० मध्ये थकलेल्या बाकीसाठी मल्हारराव होळकर जयपूरजवळ येऊन ठेपले, तेव्हा ईश्वरीसिंहांनी विष घेऊन जीवनाचा अंत केला. त्यानंतर लवकरच, जानेवारी १७५१ मध्ये, चिडलेल्या शहराने आत आलेल्या मराठ्यांची कत्तल केली. ज्या सरळ, रुंद रस्त्यांवर पेशव्यांच्या आईचे स्वागत झाले होते, त्याच रस्त्यांवर हे घडले. मराठ्यांच्या इतिहासात या बाकीवसुलीचे समर्थन करणे कठीण आहे.

टांकसाळ मात्र थांबली नाही. मुहम्मदशहानंतर अहमदशहा, दुसरा आलमगीर, शाह आलम, दुसरा अकबर, बहादूरशहा जफर अशी नावे एकामागून एक येत गेली. १७८८ मध्ये शाह आलमचे डोळे काढण्यात आले. आंधळा बादशहा महादजी शिंद्यांच्या संरक्षणाखाली दिल्लीत राहत होता आणि जयपुरात त्याच्या नावाचे रुपये पडतच होते. १८१८ मध्ये जयपूरने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या मुलुखातील रुपयावरून बादशहाचे नाव काढले. जयपूरने काढले नाही. १८५७ च्या उठावानंतर बहादूरशहाची रंगूनला रवानगी झाली, तेव्हा मात्र बदल अटळ झाला. दर्शनी बाजूस व्हिक्टोरिया राणीचे नाव आले. मागील बाजूस, जयसिंहांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, जयपूरच्या राजाचे नाव प्रथमच स्पष्ट अक्षरांत उमटले. ते नाव होते सवाई रामसिंह यांचे. सहा डहाळ्यांची फांदी जागच्या जागी होती.

सरकारी टांकसाळीतील यंत्रावर पाडलेला रुपया रेल्वेबरोबर गावोगाव पोहोचला, तसा हातोड्याने पाडलेला झाडशाही रुपया बाजारातून मागे पडत गेला. सराफांचा बट्टाही त्याबरोबर इतिहासजमा झाला. तरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या सुमारास, जयपूर संस्थानने सवाई मानसिंह यांच्या मुखवट्याचा पितळी आणा काढला. ३० मार्च १९४९ रोजी जयपूर राजस्थानात विलीन झाले आणि संस्थानाचे नाणे पाडण्याचा हक्क संपला. जुने झाडशाही रुपये काही दागिन्यांत ओवले गेले, काही सोनारांच्या मुशीत गेले, काही संग्रहालयांत पोहोचले. जयपूरच्या तटबंदीच्या आत, हवामहालाच्या पुढे जोरावरसिंह दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वस्ती आहे. तेथे आता नाणी पडत नाहीत. पण तिचे नाव अजूनही चांदी की टकसाल असेच आहे.